प्रवासखर्च

तार्तू विद्यापीठाच्या तळमजल्यावर, लेखाविभागात,
तिसऱ्या खिडकीमागे मी बसते.
बावीस वर्षं लोकांच्या बिलांना टाचण्या लावतेय.
कोण कुठल्या गावाला जाऊन काय शिकून आलं
ते मला कळत नाही,
बस कितीला पडली ते कळतं.

केर्तूचा अर्ज मी दोनदा परत पाठवला होता.
ल्युब्लियानाला गेली होती, स्वादुपिंडाच्या पेशींचं
एक पोस्टर गुंडाळून, खांद्याला अडकवून.
विमानाचं तिकीट होतं, वसतिगृहाची पावती होती,
बोर्डिंग पास नव्हता.
नियम क्रमांक सात. मी लाल पेनानं गोल केला.
आता वाटतं, गोल जरा मोठाच केला होता.

तिसऱ्यांदा ती आलीच नाही.
लोक धरून चालतात की तिला तोच आजार झाला असणार.
तसं नव्हतं. व्हिल्यांदीच्या रस्त्यावर
जानेवारीत बर्फ होतं, एक ट्रक होता,
इतकंच.

फेब्रुवारीत तिची आई आली, वाइके.
पावाच्या कारखान्यात जन्म गेलेला,
हातांना अजून पिठाचा कोरडेपणा.
काउंटरवर तिनं एक चिटोरं ठेवलं
आणि तळव्यानं सपाट केलं.
'हिवाळी कोटाच्या अस्तरात सापडलं,' म्हणाली.
'तुम्हाला हे हवं होतं ना?'

आसन एकोणीस, खिडकीजवळचं.

मी मान खाली घालून शिक्का मारला.
तीनशे अठरा युरो, साठ सेंट.
खातं कुणाचं लिहू विचारलं, तर म्हणाली,
'माझं नको. तिकिटाला पैसे मीच दिले होते, उसने,
पण ते फिटले.'
कसे फिटले ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. बाहेर नदी गोठली होती.
आमच्या नदीच्या नावातच आई आहे,
रोज पूल ओलांडताना ते कुणाच्या ध्यानात असतं?

त्या पैशांत तिनं आपली भर घातली,
प्रयोगशाळेतल्या पोरांनी घातली,
कुणी सायकल विकली म्हणे.
केर्तू साल्म स्मृती प्रवासवृत्ती.
दरवर्षी एकाला. ज्यानं अजून
आपलं पोस्टर परक्या भिंतीवर लावलेलं नाही, अशाला.
कर्करोगावर काम करणारा, पण प्राध्यापक नको,
हे वाइकेनं मसुद्यात स्वतःच्या हातानं घातलं.
आणि अट एकच: पैसे आधी द्यायचे.
जाण्याआधी, हातात.
आमच्या संगणकात तसा रकानाच नव्हता.
चार महिने भांडले मी त्या रकान्यासाठी.
एवढी कुणाशी भांडले नाही आयुष्यात,
नवऱ्याशीसुद्धा.

यंदा नार्वाची लिलिया गेली, पोर्तोला.
एस्टोनियन बोलताना अजून अडखळते.
रक्ताच्या कर्करोगावर काय करते ते तिनं समजावलं,
मला त्यातला फक्त उंदीर कळला.
परत आली ती पावत्यांचं पाकीट घेऊनच.
'द्यायच्या नसतात,' मी म्हटलं.
'माहीत आहे,' म्हणाली, 'तरी बघा.'
उरलेले अकरा युरोही मोजून ठेवले.

सवय जात नाही. मी बघितल्या.
मेट्रो, मेट्रो, सार्डिन आणि पाव,
मोज्यांचा एक जोड (बूट भिजले असणार),
कॉफी दोन.
दोन? नियम क्रमांक बारा: आदरातिथ्य मंजूर नाही.
'दुसरी कुणाची?'
'एका म्हाताऱ्या बाईंची. पोस्टरसमोर थांबल्या,
चाळीस मिनिटं माझी चूक दाखवत होत्या.
तिसऱ्या आलेखात. खरंच चूक होती.'
आणि हसली,
चूक सापडल्यावर एवढं हसताना
मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं.

ती गेल्यावर लाल पेन बराच वेळ हातात होतं.
मग निळं घेतलं.
कारणाच्या रकान्यात, दुसऱ्या कॉफीपुढे, लिहिलं:
प्रवास.